बिझनेस इन्फॉर्मेशन सिस्टिम्स मॅनेजमेंटचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: कॉमर्सच्या पायावर आठ आठवड्यांत काय तयारी करावी?

जमाखर्च (प्रश्न)

बिझनेस इन्फॉर्मेशन सिस्टिम्स मॅनेजमेंटचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हायला आठ आठवडे आहेत. पदवी कॉमर्सची. नावे-जमा, ताळेबंद, कॉस्टिंग पक्कं आहे; एक्सेलमध्ये पिव्होट टेबलपर्यंत मजल. प्रोग्रामिंगचा मात्र गंध नाही.

विषय असे आहेत: डेटाबेस, बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग, ईआरपी (कंपनीच्या सगळ्या विभागांचे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), आयटी स्ट्रॅटेजी व गव्हर्नन्स, संशोधन पद्धती, एक ग्रुप प्रोजेक्ट आणि शेवटी डिझर्टेशन.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. आठ आठवड्यांत नेमकं काय करून ठेवावं? कोणी पायथॉन म्हणतं, कोणी ईआरपीचं सर्टिफिकेट आधीच उरकून टाक म्हणतं.

२. या विषयांत मार्क जातात कुठे?

३. डिझर्टेशनसाठी डोक्यात "लहान उद्योगांमध्ये क्लाउड सॉफ्टवेअरचा स्वीकार" असा विषय आहे, ऑनलाइन प्रश्नावली पाठवून. चालेल का?

"मन लावून अभ्यास करा" छापाची उत्तरं नकोत, कृपया.

तिसरं_नॉर्मल

पायथॉन बाजूला ठेवा. पाच आठवडे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), दोन आठवडे प्रोसेस मॉडेलिंग, उरलेला एक वाचनाला. रोज दीड तास पुरे.

सुरुवात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर करा. सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. मात्र त्याच्या दोन खोडी आधीच माहीत हव्यात. पहिली, फॉरेन की (एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात असायलाच हवा, ही अट) त्यात मुळात बंद असते; प्रत्येक वेळी जोडणी उघडल्यावर प्राग्मा आज्ञेने ती चालू करावी लागते. नाहीतर अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकाच्या नावावर ऑर्डर बिनबोभाट चढते आणि आपल्याला वाटतं, डिझाइन बरोबर आहे. दुसरी, ग्रुप बाय करताना, म्हणजे ओळींचे गट पाडताना, जो रकाना गटात नाही आणि ज्याची बेरीजही घेतलेली नाही, तो मागितला तरी एसक्यूलाइट कुरकुर करत नाही. गटातल्या कुठल्यातरी एका ओळीतली किंमत उचलून देतं. पोस्टग्रेस हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर तिथेच चूक दाखवून थांबतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पोस्टग्रेसवर या.

पाच टेबलं बनवा: ग्राहक, माल, ऑर्डर, ऑर्डरच्या ओळी, भरणा. प्रत्येकात वीस-तीस ओळी, त्याही हाताने भरलेल्या. तयार डेटा उतरवून घेऊ नका. लाखभर ओळींवर आलेलं उत्तर चुकलेलं असलं तरी कळत नाही. पंचवीस ओळींचं कागदावर ताडून बघता येतं.

आता सगळ्यात जास्त बळी घेणारी चूक. ऑर्डर क्र. १०१ मध्ये तीन ओळी आहेत: २००, ३०० आणि ५००. एकूण १०००. ग्राहकाने पैसे दोन हप्त्यांत दिले: ४०० आणि ६००. तेही १०००. आता ऑर्डर, ओळी आणि भरणा ही तिन्ही टेबलं ऑर्डर क्रमांकावर एकदम जोडली, तर ३ × २ म्हणजे ६ ओळी येतात. ओळींची बेरीज निघते २००० आणि भरण्याची ३०००. क्वेरी चालते, चुकीचा संदेश येत नाही, अहवाल देखणा दिसतो. उपाय असा: ओळींची बेरीज ऑर्डरवार आधी वेगळी काढा, भरण्याची वेगळी काढा, आणि मग हे दोन गोषवारे एकमेकांना जोडा. डिस्टिंक्ट (सारखी मूल्यं एकदाच धरणारा शब्द) लावून झाकू नका. दोन हप्ते सारख्याच रकमेचे असले तर त्यातला एक गायब होतो.

दुसरी चूक नलची, म्हणजे न भरलेल्या मूल्याची. "एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक" काढायला बरेच जण नॉट इन वापरतात. आतल्या यादीत एक जरी नल असला तरी निकाल रिकामा येतो, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर हो किंवा नाही नसून "अज्ञात" असतं. तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. तिसरी, लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी, जुळणी नसली तरी) करून उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये टाकणं. तसं केलं की तो गुपचूप इनर जॉइन होतो, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी उरतात. अट ऑनमध्ये घ्या.

नॉर्मलायझेशनची (एक तथ्य एकाच जागी ठेवण्याच्या पद्धतीची) व्याख्या सगळे पाठ करतात, आणि त्या उत्साहात एक नको ते करतात: विक्रीची किंमत ऑर्डरच्या ओळीतून काढून टाकतात, "ती माल टेबलात आहेच की" म्हणून. मग माल टेबलात भाव बदलला की गेल्या वर्षीची बिलंही बदलतात. आजचा भाव हा मालाचा गुण आहे. त्या दिवशी ठरलेला भाव हा त्या व्यवहाराचा. दोन वेगळी तथ्यं आहेत, पुनरुक्ती नाही. कॉमर्सच्या माणसाला हे चटकन उमगायला हवं, कारण झालेल्या व्यवहाराच्या नोंदीत खाडाखोड करायची नाही हे तुम्ही आधीच शिकलेला आहात.

ईआरपीत तर तुमचा हात वरचाच राहील. खरेदीची साखळी घ्या: मागणी, खरेदी ऑर्डर, मालाची आवक, बिल, पैसे. समजा १०० नग, भाव ५०, ऑर्डर ५००० ची. ऑर्डरला खतावणीत नोंद पडत नाही. माल ९० नगच आला: साठा नावे ४५००, जीआर-आयआर क्लिअरिंग खातं (मालाची आवक आणि बिल यांच्यामधलं तात्पुरतं खातं) जमा ४५००. बिल १०० नगांचं आलं: क्लिअरिंग नावे ५०००, पुरवठादार जमा ५०००. ऑर्डर, आवक, बिल हे तीन कागद जुळत नाहीत म्हणून सिस्टिम पैसे अडवून ठेवते, आणि क्लिअरिंग खात्यात ५०० नावे लटकत राहतात. हे ५०० कधी सुटतील? राहिलेले दहा नग आले तर, किंवा पुरवठादाराने क्रेडिट नोट दिली तर. हा एक व्यवहार कागदावर नीट सोडवलात तर ईआरपीचा अर्धा पेपर झाला. सर्टिफिकेट सध्या नको. त्यात कुठलं बटण कुठे आहे ते कळतं, ही ५००ची शिल्लक कशी उरली ते कळत नाही.

लेन_क्रमांक_४

वरच्या उत्तरात प्रोसेस मॉडेलिंगला दोन आठवडे दिलेत, तेवढे पुरतील. बीपीएमएन या प्रक्रियांची चित्रं काढायच्या चिन्हपद्धतीची दुसरी आवृत्ती २०११ साली आली, तीच सगळीकडे शिकवतात. चिन्हं भरपूर आहेत, पण कामाची तेरा: सुरुवात, शेवट, टास्क, उपप्रक्रिया, तीन गेटवे (वाटा फोडणारी-जोडणारी चिन्हं), पूल, लेन, दोन प्रकारचे बाण, टायमर, संदेश. बाकीच्यांच्या नादी लागू नका.

मार्क जातात ते असे.

पूल म्हणजे स्वतंत्र संस्था, लेन म्हणजे तिच्या आतली भूमिका. ग्राहक आणि कंपनी एकाच पुलाच्या दोन लेनमध्ये घातले की पहिला लाल गोळा पडतो. एका पुलातून दुसऱ्यात सलग रेघेचा बाण जात नाही. तिथे तुटक रेघेचा संदेश-बाण. आणि संदेश-बाण त्याच पुलाच्या दोन लेनमध्ये काढायचा नाही.

गेटवे निर्णय घेत नाही. निर्णय आधीच्या टास्कमध्ये होतो, गेटवे फक्त वाटा फोडतो. "पत तपासा" असा टास्क हवा, त्यानंतर "पत पुरेशी?" असा गेटवे, आणि निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर उत्तर लिहिलेलं.

वाटा फोडल्या तशाच जोडा. एक्सक्लुझिव्ह (एकच वाट निवडणाऱ्या) गेटवेने फोडून पॅरललने (सगळ्या वाटा एकदम चालवणाऱ्याने) जोडलं, तर प्रक्रिया तिथेच अडकते: जोडणारा दोन्ही वाटांवरून टोकन (काम कुठवर आलं त्याची खूण) यायची वाट बघतो आणि येतं एकच. उलट केलं, म्हणजे पॅरललने फोडून एक्सक्लुझिव्हने जोडलं, तर दोन टोकनं एकामागून एक पुढे निघतात आणि पुढचं सगळं दोनदा होतं. ग्राहकाला दोन बिलं! चित्र काढून झालं की एक नाणं घ्या, सुरुवातीच्या गोलावर ठेवा आणि बाणांवरून सरकवत न्या. पॅरलल आला की दुसरं नाणं घ्या. पोरखेळ वाटेल, पण सॉफ्टवेअरच्या तपासणीत न सापडलेल्या चुका यात सापडतात.

टास्कचं नाव कर्म आणि क्रियापद असं: "बिल तपासा", "माल मोजून घ्या". "बिल विभाग" हे टास्कचं नाव होऊ शकत नाही, आणि "प्रक्रिया करा" याचा अर्थ तर कुणालाच सांगता येणार नाही.

आणखी एक. नुसता सरळमार्ग काढून देऊ नका. माल कमी आला, ग्राहकाने उत्तरच दिलं नाही, मंजुरी देणारा रजेवर गेला. अशा वेळी काय होतं? टायमर कुठे बसतो, किती दिवसांचा? माझ्या मते सामान्य आणि उत्तम उत्तरातला फरक इथेच पडतो. चिन्हं सगळ्यांची सारखीच असतात.

अर्धविराम

पायथॉनबद्दल थोडा मतभेद. एसक्यूएल आधी, मान्य. पण आठव्या आठवड्यात निदान फाइल उघडणं, रकाने निवडणं, दोन तक्ते जोडणं आणि गटवार बेरीज एवढं पायथॉनमध्ये करून बघा. कारण एक्सेल फाइल उघडतानाच घोळ घालतं: "००४५७" हा कोड ४५७ होतो, लांबलचक खातेक्रमांकाचे १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात, तारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल होते. आणि यातलं काय कधी घडलं याची नोंद कुठेच उरत नाही. कोडमध्ये निदान पायऱ्या लिहिलेल्या राहतात. त्यापलीकडे मशिन लर्निंग वगैरे नंतर.

तिसरं_नॉर्मल

हे पटलं. फक्त कोड असलेला रकाना पायथॉनमध्येही सांगून-सवरून मजकूर म्हणून वाचवा. नाहीतर तिथेही पुढची शून्यं गळतात.

शेरा_लाल_शाईत

डिझर्टेशनबद्दल लिहितो, कारण विषय वाचून राहवलं नाही.

"अमुक तंत्रज्ञानाचा स्वीकार, प्रश्नावलीने" हा या क्षेत्रातला सर्वाधिक दळून झालेला विषय आहे. फ्रेड डेव्हिस यांचं टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल १९८९चं, व्यंकटेश आणि सहकाऱ्यांचं एकत्रित मॉडेल २००३चं. उपयोगी वाटलं की वापरायचा इरादा वाढतो, हे इतक्यांदा तपासून झालंय की तुमच्या १२० उत्तरांनी त्यात भर पडत नाही. वर दोन दुखणी आहेतच. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच पाच गुणी पट्टीवर नोंदवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातला संबंध फुगून दिसतो. आणि "लहान उद्योगां"च्या नावाखाली उत्तरं येतात ती ओळखीपाळखीच्यांची. नमुना कुठून आला याचा खुलासा मागितला की अख्खं विश्लेषणाचं प्रकरण डळमळतं.

प्रश्नावलीच करायची असेल तर निदान हे सांभाळा. क्रोनबाख अल्फा (एकाच गोष्टीवरचे प्रश्न आपसात किती जुळतात त्याचं माप) ०.७ च्या वर हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं, ०.९५ च्या वर गेला तर एकच प्रश्न शब्द फिरवून चारदा विचारलाय असा संशय घ्यावा, हे कमी जणांना. अल्फा एकदम घसरला किंवा उणे आला, तर आधी उलट अर्थाचे प्रश्न तपासा. पट्टी उलटवायची राहून गेली असण्याचीच शक्यता जास्त. फॉर्म पाठवण्याआधी दहा जणांकडून समोर बसून भरून घ्या आणि ते कुठे अडखळतात ते बघा. "तुमची सिस्टिम वेगवान आणि वापरायला सोपी आहे का?" असल्या जोडप्रश्नावर माणूस पेन थांबवतो, तो असा.

मला विचाराल तर तुमच्या पायाला शोभतील असे दोन रस्ते आहेत.

पहिला, डिझाइन सायन्स, म्हणजे उपाय स्वतः तयार करून तो तपासायची संशोधनपद्धती. हेव्हनर आणि सहकाऱ्यांचा २००४चा लेख आणि पेफर्स व इतरांची २००७ची पद्धत हे याचे आधार. पायऱ्या सहा: समस्या, उपायाची उद्दिष्टं, रचना, प्रात्यक्षिक, मूल्यमापन, मांडणी. उदाहरणार्थ, बिल आणि आवक न जुळणाऱ्या नोंदींचं कारणवार वर्गीकरण करणारी नियमावली तयार करायची आणि ती खऱ्या नोंदींवर चालवून बघायची. इथे पोरं घसरतात ती पाचव्या पायरीवर. वस्तू छान बनवतात आणि मूल्यमापन म्हणून तीन मित्रांना "कसं वाटलं?" विचारतात. मोजमाप आधी ठरवा: २०० नोंदी, दोन अनुभवी हिशेबनिसांनी एकमेकांशी न बोलता केलेलं वर्गीकरण, आणि नियमावलीचं उत्तर त्याच्याशी किती जुळलं. त्या दोघांचंच आपसात किती जुळतं तेही काढा, कोहेनच्या कप्पा (kappa) या जुळणीच्या मापाने. त्यांचंच जमत नसेल तर नियमावलीला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा, प्रोसेस मायनिंग. सिस्टिममधली नोंदवही काढायची, लागतात तीनच रकाने: केस क्रमांक, कृती आणि वेळ. त्यातून प्रक्रिया कागदावर कशी आहे ते सोडून प्रत्यक्षात कशी चालते ते दिसतं. मंजुरी बिलानंतर टाकलेली सापडते, एकच ऑर्डर सात वेळा बदललेली सापडते. खाचखळगे: जानेवारी ते जून असा तुकडा कापला की डिसेंबरात सुरू झालेले आणि जूनमध्ये अपुरे राहिलेले व्यवहार अर्धवट दिसतात, ते बाजूला काढा. एका बिलात तीन ऑर्डरी असतील तर केस कुणाला मानायचं ते आधी ठरवा. बिल मानलं आणि ऑर्डर मानली तर दोन वेगळी चित्रं येतात. कर्मचाऱ्यांची नावं संस्थेतून डेटा बाहेर पडण्याआधीच टोपणक्रमांकांनी बदलून घ्या, नंतर नव्हे.

वेळेचं म्हणाल तर सोळा आठवडे धरा आणि पहिल्याच आठवड्यात दोन अर्ज करा: नैतिक मंजुरीचा आणि डेटा मिळवण्याच्या लेखी परवानगीचा. तोंडी "हो, देऊ की" हा डेटा नव्हे. सहाव्या आठवड्यापर्यंत सही हातात आली नाही तर दुसऱ्या विषयाकडे वळा, म्हणून दुसरा विषय पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. मुलाखती घेणार असाल तर ४५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण उतरवायला तीन-चार तास सहज जातात. दहा मुलाखती म्हणजे आठवडा गेला. यंत्राने उतरवलं तरी ऐकून दुरुस्त करावंच लागतं, विशेषतः आकडे आणि "नाही" हा शब्द.

साहित्याचा आढावा "अमुक म्हणतो, तमुक म्हणतो" असा लिहू नका. वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२मध्ये सुचवलेला तक्ता करा: आडव्या ओळींत लेख, उभ्या रकान्यांत संकल्पना, जिथे लेखाने ती हाताळली तिथे खूण. मग रकान्यावरून परिच्छेद लिहा, ओळीवरून नव्हे. रिकामा रकाना दिसला तर तीच तुमची जागा असू शकते. किंवा तो प्रश्न कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही असंही असेल, तेही तपासा.

जमाखर्च

क्लाउडचा विषय सोडला. खरेदीच्या नोंदवहीचा विचार करतो.

स्ट्रॅटेजीच्या पेपरबद्दल मात्र अजून धुकंच आहे. मॉडेल पाठ करायची की केस वाचायच्या? आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांनी काम वाटून घ्यायचं तर कसं?

उंबरठा_किंमत

मॉडेल मोजकी, पण पूर्ण. डीलोन आणि मॅक्लीन यांचं यशाचं मॉडेल घ्या. १९९२च्या आवृत्तीत सहा घटक होते: सिस्टिमचा दर्जा, माहितीचा दर्जा, वापर, वापरणाऱ्याचं समाधान, व्यक्तीवरचा परिणाम, संस्थेवरचा परिणाम. २००३मध्ये सेवेचा दर्जा आला आणि शेवटचे दोन मिळून "निव्वळ लाभ" झाले. अनेक उत्तरांत दोन्ही आवृत्त्यांची खिचडी असते. हेंडरसन आणि व्यंकटरामन यांचं १९९३चं अलाइनमेंट मॉडेलही (धंद्याचं धोरण आणि आयटी यांचा मेळ घालणारं) लागेल. त्यात नुसते चार चौकोन काढून भागत नाही, बदल कुठल्या चौकोनातून सुरू झाला आणि कुठे अडला ते सांगायचं असतं. निकोलस कार यांनी २००३मध्ये मांडलेला मुद्दा, म्हणजे आयटी आता विजेसारखी सर्वांना मिळणारी वस्तू झाली, त्यातून वेगळेपण येत नाही, तो त्याच्या विरोधासकट वाचा.

आणि मार्कस यांचा १९८३चा लेख तर कॉमर्सवाल्याने वाचायलाच हवा. विभागांचे हिशेबनीस नवी आर्थिक सिस्टिम वापरायला तयार नव्हते, जुन्या वह्या सोडत नव्हते. तांत्रिक दोष होते, पण खरी गोम अशी की नव्या सिस्टिममुळे विभागांचे आकडे मुख्य कार्यालयाला थेट दिसू लागले होते. "प्रशिक्षण कमी पडलं" हे प्रत्येक केसचं उत्तर म्हणून लिहिण्याआधी हा लेख आठवा.

गव्हर्नन्समध्ये नावांची गल्लत होते. कोबिट हे नियंत्रण आणि कारभाराचं. २०१९च्या आवृत्तीत ४० उद्दिष्टं, त्यातली ५ गव्हर्नन्सची, ३५ मॅनेजमेंटची. आयटिल हे सेवा चालवण्याचं. चौथ्या आवृत्तीत ३४ प्रॅक्टिसेस. आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेच्या व्यवस्थापनाचं मानक, ज्याचं संस्थेला प्रमाणपत्र मिळतं. "कोबिट बसवून हेल्पडेस्क सुधारला" असं लिहिलं की तपासणारा हसतो.

केस वाचताना तारखा आणि आकडे टिपत चला. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने ईआरपीचं काम ४८ महिन्यांऐवजी ३० महिन्यांत बसवायचं ठरवलं आणि जुलै १९९९मध्ये, म्हणजे हॅलोविनच्या मागणीच्या तोंडावर, सगळं एकदम चालू केलं. साधारण १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत, माल असूनही. इथे "सॉफ्टवेअर वाईट" हे उत्तर नाही. चालू करायचा मुहूर्त आणि एकदम चालू करायची पद्धत हे उत्तर आहे. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने २०१८मध्ये सुमारे ५० कोटी युरो खर्चून प्रकल्प सोडला. तिथे चर्चा होते ती एका हिशेबी गोष्टीची: साठ्याचं मूल्य कंपनी खरेदीच्या भावाने धरत होती, प्रमाणित सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने. पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर वाकवायचं, यात वाकवणं निवडलं. दोन्ही केसना एकच ठराविक उत्तर लिहून भागत नाही ते यामुळे.

बिझनेस केसमध्ये एक चूक हमखास. "१२ जणांचे रोज ३० मिनिटं वाचतील, म्हणजे ६ तास, गुणिले वर्षातले कामाचे दिवस, गुणिले पगाराचा तासाचा दर, ही वार्षिक बचत." कागदावर ठीक. पण त्या बाराही जणांचा पगार तसाच जातोय, मग रोख कुठून आली? ते सहा तास एकत्र करून एखादी रिकामी जागा भरणं टाळलं, ओव्हरटाइम कमी झाला किंवा जास्त ऑर्डरी हाताळल्या गेल्या, तरच तो लाभ निव्वळ वर्तमान मूल्यात धरा. नाहीतर वेगळ्या ओळीत, आकड्याशिवाय. खर्चाच्या बाजूला जुना डेटा साफ करणं, दोन सिस्टिम समांतर चालवण्याचा काळ आणि वापरणाऱ्यांचा चाचणीत जाणारा वेळ या तीन ओळी बहुतेक गाळल्या जातात.

लेन_क्रमांक_४

ग्रुप प्रोजेक्टचं मी सांगते. विषयवार वाटणी करू नका, म्हणजे एकाने डेटाबेस, एकाने प्रोसेस, एकाने अहवाल असं. शेवटच्या रात्री जोडताना एकाच्या चित्रात "सदस्य" असतो, दुसऱ्याच्या टेबलात "ग्राहक", आणि तिसऱ्याच्या अहवालात दोन्ही. व्यवहारवार वाटा: एकाने ऑर्डर ते पैसे, दुसऱ्याने खरेदी ते पैसे, आपापली प्रोसेस, टेबलं आणि चाचण्यांसकट. शब्दांची सामाईक यादी पहिल्या बैठकीत, आणि ती बदलायचा अधिकार एकाकडेच.

एक तक्ता सतत चालू ठेवा: गरजेचा क्रमांक, प्रोसेसमधला टास्क, टेबल, चाचणी. चारपैकी एक घर रिकामं असलं तर एकतर काम राहिलंय किंवा ती गरज फुकटची आहे. गरजही मोजता येईल अशी लिहा. "सिस्टिम वेगवान हवी" याची चाचणी होऊ शकत नाही. "५० जण एकाच वेळी शोधत असताना १०० पैकी ९५ वेळा निकाल २ सेकंदांच्या आत" याची होते.

जमाखर्च

तक्त्याची कल्पना उचलली. एक शेवटचं, नोंदवहीबद्दल. नमुन्यादाखल मिळालेल्या फाइलमध्ये आवक आणि बिल दोन्हींना फक्त तारीख आहे, वेळ नाही. एकाच दिवशी दोन्ही झाले तर आधी काय झालं ते कसं ठरवायचं?

शेरा_लाल_शाईत

आधी विचारा की मूळ सिस्टिममध्ये वेळ आहे का. बहुधा असतो, फाइल काढणाऱ्याने तो रकाना घेतलेला नसतो. आणि दोन तारखा वेगळ्या ओळखा: कागदावरची तारीख आणि नोंद सिस्टिममध्ये टाकल्याचा क्षण. बिलावर ३ तारीख असते आणि नोंद ९ तारखेला पडते. क्रम लावायला दुसरी लागते.

वेळ मिळालाच नाही, तर एकाच दिवसाच्या जोड्यांना मनाने क्रम लावू नका. आवक आधी मानलं तर त्या सगळ्या जोड्या नियमात बसतात, बिल आधी मानलं तर त्याच सगळ्या नियमबाह्य ठरतात. म्हणजे निष्कर्ष डेटाचा नाही, तुमच्या गृहीताचा होतो. दोन्ही गृहीतांनी एकेकदा हिशेब करा आणि दोन टोकं द्या. समजा १००० व्यवहारांत एकाच दिवसाचे १४० आहेत आणि उरलेल्यांत बिल आधी आलेले ६०. तर नियमबाह्य व्यवहार ६ टक्के ते २० टक्के यांच्या दरम्यान, असं लिहा. वेळेच्या रकान्यात सगळीकडे मध्यरात्रीचे ०० वाजलेले दिसले तर तोही "वेळ नाही" असाच समजा. सॉफ्टवेअर त्याला खरी वेळ समजून चित्र काढतं.